युरोपचे फुटबॉल श्रेष्ठ की दक्षिण अमेरिकेचे?



विश्वचषक जवळ आला की हा वाद हमखास रंगतो. आपल्या कोल्हापुरात तर पेठापेठांत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे लागतात आणि कट्ट्यावर आवाज चढतात. निबंधाच्या वहीत मात्र या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. युरोप म्हणजे शिस्त, ताकद आणि नियोजन. दक्षिण अमेरिका म्हणजे कला, चपळाई आणि उपजत प्रतिभा. मला हे उत्तर पटत नाही.

आधी आकडे बघू. 1930 ते 2022 या काळात 22 विश्वचषक स्पर्धा झाल्या. त्यापैकी 12 युरोपने जिंकल्या, 10 दक्षिण अमेरिकेने. म्हणजे युरोप पुढे? थांबा. युरोपच्या फुटबॉल संघटनेत 55 सदस्य आहेत आणि दक्षिण अमेरिकेच्या संघटनेत फक्त 10. त्यातही ते 10 चषक तीनच देशांनी आणले : ब्राझील 5, अर्जेंटिना 3 आणि उरुग्वे 2. उरुग्वेची लोकसंख्या साधारण 35 लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही कमी!

आता 'उपजत' या शब्दाकडे येतो. वर्गात एखाद्या मुलाचं अक्षर सुंदर असलं की आपण पटकन म्हणतो, "त्याला देणगीच आहे." त्याने किती पानं गिरवली ते कोणी विचारत नाही. ब्राझीलच्या खेळाडूंचंही तसंच झालंय. अरुंद जागेत चेंडू पायाशी ठेवायची कला आकाशातून पडत नाही. 1930 साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हॉलमध्ये खेळता येईल असं छोटं फुटबॉल तयार केलं. प्रत्येक बाजूला पाच जण, कमी उसळणारा चेंडू आणि लहान मैदान. यालाच पुढे फुटसाल म्हणू लागले. पेले, रोनाल्डिन्हो, नेमार हे सगळे लहानपणी फुटसाल खेळलेले आहेत. जागा कमी, समोरचा अंगावर आलेला, विचार करायला वेळ नाही. रोज असा सराव झाला की पाय आपोआप शिकतात. एका शिक्षकाने बसवलेला खेळ आहे हा, याचा मला जरा जास्तच आनंद होतो!

उलट बाजूही बघा. 1957 मध्ये बेला गुटमन हे हंगेरीचे प्रशिक्षक ब्राझीलच्या साओ पावलो क्लबकडे आले. तिथे त्यांच्या हाताखाली काम केलेले व्हिसेंते फेओला दुसऱ्याच वर्षी ब्राझीलचे प्रशिक्षक झाले आणि स्वीडनमध्ये त्यांनी देशाला पहिला विश्वचषक मिळवून दिला. मग ते यश शिस्तीचं की कलेचं? दोन्ही खंड पहिल्यापासून एकमेकांकडून शिकत आलेत. अशी सरळ रेघ मारून दोन खाने करताच येत नाहीत.

2022 च्या विश्वचषकाआधी फ्रान्सचा एम्बापे म्हणाला होता की दक्षिण अमेरिकेचं फुटबॉल युरोपइतकं पुढे गेलेलं नाही. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने त्याला ला पाझची आठवण करून दिली. बोलिव्हियातलं हे शहर साधारण 3600 मीटर उंचीवर आहे, तिथे पाहुण्या संघाला धावणं सोडा, धड श्वास घेता येत नाही. 2009 मध्ये मेस्सी मैदानात असूनही अर्जेंटिना तिथे 6-1 ने हरली होती. पुढे कतारच्या अंतिम सामन्यात एम्बापेने तीन गोल केले, तरी चषक अर्जेंटिनाचाच. गंमतच आहे नाही!

पण खरं सांगू का, माझ्या मते खरा फरक खेळात नाही, पैशात आहे. 1958 चा ब्राझीलचा अख्खा संघ ब्राझीलमधल्याच क्लबांतून खेळत होता. 2022 च्या विजेत्या अर्जेंटिनाच्या 26 जणांत मायदेशातल्या क्लबचा खेळाडू एकच, फ्रँको अरमानी. मेस्सीने रोसारिओ सोडलं तेव्हा तो 13 वर्षांचा होता, आपल्याकडे सातवी-आठवीतलं पोर. व्हिनिसियसचा करार रिआल माद्रिदने तो 16 वर्षांचा असताना केला, 18 पूर्ण झाल्यावर त्याला नेलं. पोरगं घडवायचं एकाने आणि त्याचा खेळ बघायचा दुसऱ्याने. अशा वेळी "युरोपचे क्लब किती पुढे" असं कौतुक करताना मला अवघडल्यासारखं होतं. क्लबांच्या विश्वचषकात 2012 ला कोरिंथियन्सने चेल्सीला 1-0 ने हरवलं होतं. त्यानंतर 2025 पर्यंत हा चषक दक्षिण अमेरिकेकडे गेलेला नाही.

2025 च्या स्पर्धेत मात्र बोटाफोगोने पॅरिसच्या संघाला आणि फ्लामेंगोने चेल्सीला हरवलं. फ्लुमिनेन्स तर उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तिथे चेल्सीने त्यांना 2-0 ने हरवलं. दोन्ही गोल झोआओ पेद्रोचे. हा मुलगा फ्लुमिनेन्समध्येच लहानाचा मोठा झालेला. गोल झाल्यावर त्याने जल्लोष केला नाही, माफी मागितल्यासारखे हात वर केले.