विम्याची खतावणी आणि पावसाचे माप

विमा व्यवसायातील दिरंगाईवर ‘ब्लॉकचेन’ हा रामबाण उपाय असल्याचे वारंवार सांगण्यात येते. या तंत्राचे मर्म थोडक्यात असे: व्यवहारांच्या खतावणीच्या प्रती अनेक संगणकांवर राहतात; त्यामुळे एकदा झालेली नोंद कोणालाही परस्पर बदलता येत नाही. कराराची अट संगणकाच्या आज्ञावलीतच बसविलेली असते व ती पुरी होताच भरपाई आपोआप अदा होते. दावेदाराला कचेरीचे खेटे घालावे लागत नाहीत. कल्पना मोहक आहे. परंतु ती व्यवहारात कितपत उतरते?

‘आक्सा’ या फ्रेंच कंपनीने २०१७ मध्ये ‘फिझी’ नावाचा असा विमा काढला. विमानास दोन तासांहून अधिक विलंब झाल्यास भरपाई आपोआप मिळे. पुरेशी गिऱ्हाइके न मिळाल्याने २०१९ मध्ये तो बंद झाला. बड्या विमा कंपन्यांनी २०१६ मध्ये आरंभिलेला ‘बी-थ्री-आय’ हा संयुक्त उपक्रमही २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाला.

एवढ्यावरून हे तंत्र टाकाऊ ठरत नाही. मात्र विमानाचा विलंब ही निर्विवादपणे मोजता येणारी घटना आहे. आपल्या शेतातील नुकसान तसे नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ते प्रामुख्याने पीक कापणी प्रयोगांवरून ठरते, तर हवामानाधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवरून. एका शिवारात पाऊस कोसळतो आणि दोन कोसांवर थेंबही पडत नाही; केंद्र मात्र दोघांसाठी एकच. महाराष्ट्रात २०२३ पासून २०२५ पर्यंत एक रुपयात पीक विमा मिळत असे. त्या काळात बोगस अर्जांचे प्रकार उघडकीस आले. तशी नोंद ब्लॉकचेनवर चढली असती, तर ती खरी झाली नसती. केवळ अक्षय झाली असती.

शिवाय, जी भरपाई आपोआप मिळते, ती आपोआप नाकारलीही जाते. मग शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावयाची? यंत्राने चुकीच्या आकड्यावर दिलेला निकाल फिरविण्याचा अधिकार कोणा तरी अधिकाऱ्याकडे ठेवावाच लागेल. आणि तो ठेवला की ‘मध्यस्थाविना विमा’ ही घोषणा निकालात निघते.

तात्पर्य, क्रम महत्त्वाचा आहे. आधी हवामान केंद्रांची संख्या वाढावी, कापणी प्रयोग गावकऱ्यांसमक्ष व्हावेत, तक्रारींचा निवाडा ठरल्या मुदतीत लागावा. त्यानंतर खतावणी कोणत्या तंत्राने लिहावयाची, हा प्रश्न खुशाल चर्चेस घ्यावा. विम्याचा पाया विश्वास हा असून तो नोंदीच्या अभंगतेपेक्षा मोजमापाच्या खरेपणावर अधिक अवलंबून असतो.