आधणाचा आवाज



आजी बाहेरच्या खोलीत बसून सांगते, "आधण आलं बरं, तांदूळ वैरा!" तिने पातेल्यात डोकावलेले नसते. तिने फक्त ऐकलेले असते.

परवा आम्ही एका वर्गात विचारले, पाणी केव्हा उकळते? सगळे एका सुरात म्हणाले, "100 अंशांवर." मग विचारले, तापताना पाण्याचा आवाज सर्वांत मोठा केव्हा येतो? एक-दोघे म्हणाले, "उकळताना." बाकी वर्ग गप्प.

खरे तर आवाज मोठा येतो तो उकळी फुटण्याच्या थोडा आधी. प्रथम पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने भांड्याला चिकटते. तेव्हा फारसा आवाज नसतो. नंतर तळाचे पाणी इतके तापते की तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात. वरचे पाणी अजून तेवढे गरम नसते. बुडबुडा त्यात शिरताच वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि ती रिकामी जागा भरायला भोवतालचे पाणी एकदम धावून येते. त्या आदळण्याचा बारीकसा आवाज होतो. असे असंख्य बुडबुडे फुटत राहतात, म्हणून पाणी 'सूंऽऽ' करू लागते. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे न विरता थेट वर येतात. मग सूंसूं थांबते आणि मऊ खळखळ सुरू होते. आजी ओळखते तो हाच बदल.

आता त्या 100 अंशांविषयी. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण 98 अंशांनाच उकळते. आमच्या प्रयोगशाळेत मुलांना 98 दिसते आणि वहीत ती 100 लिहितात. हा दोष मुलांचा नाही. पूर्वी आम्हीच अशा वह्यांतले 98 खोडून 100 करायला लावले आहे. ती आमची चूक होती. जे दिसले तेच लिहिणे हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. तिथे 'क्वथनांक' पाठ केला, घरी 'आधण' ऐकले. पण दोन्ही एकच हे कोणी सांगितले नाही. आज आपली मुले इंग्रजीत 'बॉइलिंग पॉइंट' पाठ करतात. शब्द बदलला, अंतर तेवढेच राहिले.

म्हणून पालकांना विनंती, येत्या रविवारी मुलांना स्वयंपाकघरात दहा मिनिटे उभे करा. गॅसपासून दूर राहून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, डोळे मिटून त्यांनी आवाज ऐकावा. विश्वस्त मंडळाला विनंती, प्रयोगशाळेत थर्मामीटर वाढवावेत, म्हणजे प्रत्येक मूल स्वतः वाचन घेईल.

आणि मुलांनो, काय ऐकले ते लिहून आणा. मराठीत लिहिले तरी चालेल. पुस्तकाशी जुळले नाही तर खोडू मात्र नका. आधी आम्हाला दाखवा.