हप्ते पाडून द्या, साहेब

मार्च महिन्यात कुठल्याही वीज कचेरीच्या खिडकीपुढं अर्धा तास उभं राहा. वसुलीचा महिना असतो. हातात घामानं मऊ झालेलं बिल, काखेत पोर, पायात झिजलेली चप्पल. आपली माणसं लांबूनच ओळखू येतात. आणि त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकू येतं. साहेब, हप्ते पाडून द्या.

बिल खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. बिल कमी करा असं क्वचित कुणी म्हणतो, आणि तोही हात जोडून. उरलेले सगळे हप्ते मागतात.

परवा वस्तीतल्या एका मावशीबरोबर अशाच एका खिडकीवर गेलो होतो. कुठली ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. मावशी चार घरची धुणीभांडी करते. घरात दोन बल्ब, एक पंखा, नातवाच्या हट्टापायी घेतलेला टीव्ही. महिन्याला पाच-सहाशे बिल यायचं ते एकदम अकरा हजार आलं. आधीच्या चार बिलांवर रीडिंगच्या जागी शेरा होता, ‘लॉक’. म्हणजे रीडिंग घ्यायला माणूस आला तेव्हा घराला कुलूप होतं. आता गंमत ऐका. मावशीचं मीटर घरात नाहीच. बोळात, बाहेरच्या भिंतीवर टांगलंय. कुलूप कशाला होतं मग? भिंतीला?

नातू सहावीत आहे. त्यानं निघताना मीटरवरचा आकडा वहीच्या पानावर उतरवून आणला होता. मीटरवर ६४१२. बिलावर ७४१२. एका आकड्याची चूक, हजार युनिटांचा बोजा. कागद खिडकीतून आत सरकवला. आतल्यानं तो बघितलाही नाही. आधी भरा, मग तक्रार करा, पुढच्या बिलात वळतं करून देऊ. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी पुढं सरकली. म्हणाली, “मह्याकडं एवढं एकदम नाही हो साहेब. हप्ते पाडून द्या.”

खिडकीआडचा माणूस खूष झाला. हे त्याला कळतं. त्यानं बिलावर पेनानं ‘३ हप्ते’ लिहिलं, सही ठोकली. मावशी बाहेर येऊन मला म्हणते, चांगला माणूस होता गं बाई, लगेच ऐकलं.

मला राग आला. आधी त्या माणसाचा, मग मावशीचा, आणि घरी येईपर्यंत माझा माझाच. गेली दहा वर्षं आम्ही वस्तीत व्याख्यानं देतोय. मनुस्मृतीवर बोललो, जागतिकीकरणावर बोललो. मावशीच्या हातातलं बिल वाचून द्यायला मात्र कुणाला वेळ झाला नाही.

मित्रांनो, हप्ता मागितला की कर्ज कबूल केलं. आपला आजा सावकाराच्या वहीवर अंगठा उठवायचा आणि वर म्हणायचा, मायबाप, सुगीपर्यंत दम धरा. आकडा किती लिहिलाय हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येतं की.

आणि ज्यांना आपण हप्ते मागतो त्यांचा इतिहासही जरा बघा. दाभोळच्या एन्रॉनचं बिल परवडेना झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळानं हप्ते मागितले होते का? २००१ च्या जानेवारीत मंडळानं उलट त्या कंपनीवरच ४०१ कोटींचा दंड लावला. कराराप्रमाणं वेळेवर वीज देता आली नाही म्हणून. आणि तो तिच्या बिलातून वळता करायचा म्हणाले. मे महिन्यात तर वीज घेणंच थांबवलं. अमेरिकेतली केवढी मोठी कंपनी, मागं राज्याची हमी, केंद्राची हमी, तरी नाही म्हणाले. कारण त्यांच्याकडं करार वाचणारे होते. बिल तपासायचं असतं, वादात घालायचं असतं, हे या लोकांना चांगलं ठाऊक आहे. फक्त बोळातल्या बाईनं तसं करू नये.

आता आपल्याच घरातली गोष्ट. वीज हे बाबासाहेबांचं खातं होतं. कितीजणांना माहीत आहे? १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज त्या खात्याकडं होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढं केलेलं त्यांचं भाषण छापील मिळतं. त्यात त्यांनी मुद्दा मांडला तो असा की स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर या देशात कारखानदारी उभी राहणार नाही, आणि ती उभी राहिली नाही तर शेतीवर लादलेली माणसं दारिद्र्यातून सुटणार नाहीत. स्वस्त आणि मुबलक. हे दोन्ही शब्द ध्यानात ठेवा. १९४४ साली मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ निघालं ते त्यांच्याच काळात. १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, राज्याराज्यांत मंडळं आली, आपलं १९६० ला आलं. २००३ साली नवा कायदा आला, २००५ ला मंडळाचे तुकडे करून कंपन्या झाल्या. तेव्हापासून तुम्ही नागरिक नाही, ग्राहक आहात. ग्राहक क्रमांक बारा आकडी आहे, पाठ करा.

नाशिकरोडच्या पलीकडं एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात ना? १९७९ ते १९८१ च्या दरम्यान तिथं २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. धूर सगळ्यांना सारखा मिळतो. वीज मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं.

ऐपतीप्रमाणं म्हणजे कसं, तर उलटं. स्लॅब समजून घ्या, कारण वस्तीची लूट इथंच होते. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर. १०१ पासून ३०० पर्यंत त्याच्या दुपटीहून जास्त. पुढं आणखी वर. जो जास्त जाळेल त्यानं जास्त भरावं, ऐकायला न्यायाचं वाटतं. पण वस्तीत एका मीटरवर चार खोल्या असतात. प्रत्येक घरानं ८० युनिटं जाळली तरी मीटरवर ३२०. स्वस्त दर चौघांत मिळून एकदाच १०० युनिटांना. उरलेल्या २२० ला वरचे दर. बंगल्यातला एकटा माणूस ८० युनिटं जाळून स्वस्तात सुटतो, चार गरीब तेवढीच जाळून महाग भरतात. आणि ज्याच्या नावावर मीटर आहे तो वर आपले दोन रुपये चढवतो तो भाग निराळा. तो पुष्कळदा आपल्यातलाच असतो, निळा टिळा लावून.

तसंच साठलेल्या रीडिंगचं. महिन्याला ७५ युनिटं जाळणाऱ्याचं रीडिंग चार महिने घेतलं नाही आणि पाचव्या महिन्यात सगळं एकदम लावलं, तर ती युनिटं महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याच्या स्लॅबप्रमाणं आकारायला हवीत. वाटली का हे बिलावर शोधा. मग त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे खोट्या आकड्यावर सरकारचा खरा कर.

असं का एकएका घराचं स्वतंत्र मीटर नसतं? जागेचे कागद मागतात म्हणून आपण जातच नाही. २००३ च्या कायद्याचं कलम ४३ बघा, वीज मागायचा हक्क मालकाला आहे तसा भोगवटादारालाही आहे. भोगवटादार म्हणजे तिथं राहणारा.

२०२० साली तर अख्ख्या महाराष्ट्रालाच वस्तीचा अनुभव आला. टाळेबंदीत २३ मार्चपासून महावितरणनं रीडिंग थांबवलं, हिवाळ्याच्या सरासरीनं बिलं पाठवली, १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले, आणि जूनमध्ये सगळं मिळून एकदम अंगावर आलं. पंखा लावून घरात कोंडलेली माणसं, रोजगार बंद, आणि हातात तीन महिन्यांचं बिल. मध्यमवर्गानं बिलं जाळली, टीव्हीवर आरडाओरड झाली. सरकारनं काय दिलं? एकरकमी भराल तर दोन टक्के सूट, नाहीतर तीन हप्ते. बघा, पुन्हा हप्तेच. ऊर्जामंत्री होते नितीन राऊत. नागपूरचे, बौद्ध, आपले. बाबासाहेबांनंतर हे खातं आपल्या माणसाकडं आलं म्हणून आम्ही किती फुगलो होतो. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी दिलाशाची भाषा केली आणि त्याच नोव्हेंबरात सांगितलं की बिलं भरावीच लागतील. अर्थखात्यानं पैसे दिले नाहीत, केंद्रानं दिले नाहीत, कारणं होती. कारणं नेहमीच असतात. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून स्लॅब बदलत नाही हे त्या वर्षी शिकलो, आणि लगेच विसरलो.

कारण पुढच्या वर्षी योजना आली. बाबासाहेबांच्याच नावानं, जीवन प्रकाश. अनुसूचित जातीजमातींना ५०० रुपये अनामतीत नवी जोडणी, तेही पाच हप्त्यांत. १४ एप्रिल २०२१ ते ६ डिसेंबर २०२१. जयंतीला लागली आणि महापरिनिर्वाणाला विझली. अट अशी की थकबाकी नको. ज्याची वीज चुकीच्या बिलापायी तुटली, ज्याला ती सगळ्यात जास्त हवी, त्याला दारातूनच परत पाठवायची सोय. ज्यांना मिळाली त्यांना मिळाली, नाही म्हणत नाही. पण वाढीव बिलाचा प्रश्न जोडणीच्या दिवशी नसतो. तो चार महिन्यांनी येतो, आणि तेव्हा कुणाचा फोटो कामाला येत नाही.

आता आपल्यावरच बोलतो, झोंबलं तर झोंबू दे. जयंतीला खांबावर आकडा टाकून रोषणाई करणारी पोरं मी बघितली आहेत. आडवलं तर म्हणतात, गणपतीत ते टाकत नाहीत का? टाकत असतील. वीजचोर म्हणून कलम १३५ लागलं की ते कुणाच्या गळ्यात आधी पडतं हे सांगायला पाहिजे का? तात्पुरती जोडणी मिळते. अर्ज करा, पैसे भरा, पावती मंडपात लावा. एका रात्रीच्या आकड्यानं बोळातल्या सगळ्या मावश्या चोर ठरतात, मग त्यांच्या खऱ्या तक्रारीला खिडकीवर कोण विचारतो?

दुसरं, वायरमनला मारू नका. तो बहुतेक कंत्राटावरचा असतो, हातमोज्याशिवाय खांबावर चढतो, त्याच्याही घरात असंच बिल येतं. दुपारी पुरुष कामावर गेलेले बघून लाइन कट करायला त्याला वरून पाठवलेलं असतं. त्याला फक्त एक विचारा. नोटीस कुठाय? कलम ५६. पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही. आणि त्याच कलमात आपल्या कामाचं आणखी आहे. बिलावर वाद असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरायची. किती? मागणीची रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती. तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मावशीची सरासरी सहाशेसुद्धा नाही. म्हणजे अकरा हजारांचे तीन हप्ते नव्हे, महिन्याचे सहाशे आणि सोबत एक कागद. हा कागद खिडकीवर कुणी देत नाही, आपण लिहून न्यायचा. दोन प्रती. एकीवर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का मारत नसतील तर तिथंच बसायचं.

तिसरं, नगरसेवकाचा फोन बंद करा. त्याच्या फोननं एक बिल कमी होतं आणि चाळीस मतं बांधली जातात.

सीपीएल हा शब्द शिका. ग्राहकाचा खातेउतारा. कुठल्या महिन्यात काय रीडिंग, काय शेरा, किती भरले, सगळं त्यात असतं. तोंडी मागून देत नाहीत तर माहिती अधिकारात मागा. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी मधे कधी न दाखवता अचानक काढली तर ती वसूल करता येत नाही, तेही त्या उताऱ्यावरूनच कळतं. मीटरवर संशय असेल तर तपासणीचा अर्ज द्या. कचेरीत काम झालं नाही की तक्रार निवारण कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. मंचापुढं वकील लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला पाहिजे. दहावी झालेलं पोरगं हे करू शकतं.

हे सगळं रुक्ष वाटतं ना? मोर्चासारखं रक्त उसळत नाही. पण काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला तो काय नुसत्या घोषणांवर? बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रं वाचा. याच नाशकात ती येत होती. त्यात पैशांचे हिशोब आहेत, कुणाला भेटायचं, काय लिहायचं, कधी थांबायचं ते आहे. आपण त्या सत्याग्रहाचा फोटो लावला आणि कागदपत्रं सोडून दिली.

खिडकीआड कधीकधी आपलाही माणूस असतो. राखीव जागेवर लागलेला, घरात बुद्धमूर्ती, गाडीवर अशोकचक्र. त्याच्याकडं मेहरबानी मागू नका. जय भीम घाला आणि अर्ज पुढं सरकवा. त्याला म्हणावं, बाबा, नियमानंच कर. नियमानं केलंस तरी बास.

मावशीचा तीन हप्त्यांचा कागद मी मागून घेतला. ती बिथरली. म्हणाली, साहेब चिडतील, लाइट तोडतील, पोराची परीक्षा आहे. दोन दिवस समजावलं. मग सहाशे रुपये हरकत नोंदवून भरले, अर्जाबरोबर मीटरचा फोटो आणि नातवाच्या वहीचं पान जोडलं. शिक्क्यासाठी पावणेदोन तास बसलो. अजून उत्तर आलेलं नाही. महिना झाला की कक्षाकडं, तिथं नाही तर मंचाकडं. मावशीचा अजून माझ्यावर पुरता भरवसा नाही. रोज संध्याकाळी विचारते, तोडणार नाहीत ना रे?

रविवारी सकाळी दहाला विहारात बसतोय. वंदना झाली की सतरंजी तशीच राहू द्या. येताना मागच्या दोन वर्षांची बिलं आणा, फाटकी असली तरी आणा, आणि घरातनं निघताना मीटरवरचा आकडा कागदावर उतरवून घ्या.