गाणे सर्वांचे, मिळकत कोणाची?

लोकगीताच्या चालीवर गिटार आणि ढोलकी चढवून केलेले चार मिनिटांचे एखादे गमतीदार गाणे आज एका दिवसात घरोघर पोहोचते. संस्कृती बुडाली म्हणून त्यावर बोटे मोडणारे पुष्कळ आहेत. समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यांच्या सुरात सूर मिसळण्याचे कारण नाही. बहुजनांच्या करमणुकीला तुच्छ लेखणे हा वरिष्ठवर्गीय अभिरुचीचा जुना रोग आहे आणि त्यावरचा उतारा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरातच सापडतो.

१३व्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली. भक्तांनी त्या लहरीचा मान राखून लग्नाचा थाट मांडला आणि महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नघरी म्हणावयाची वरगीते. गीतप्रकार लोकांच्या ओठांवरचा, प्रसंग काहीसा गमतीचा. तरीही मराठीची आद्य कवयित्री तेथेच उभी राहिली. लोकचालीवर नवे गाणे रचण्यात पाप नाही. प्रश्न आहे तो नावाचा आणि वाट्याचा.

याच रिद्धपुराच्या परिसरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांना गाठून त्यांनी आठवणी मिळविल्या. पुढे हिराइसेच्या स्मरणातून आलेला पाठ तिच्याच नावाने ओळखला गेला. ज्याच्या मुखातून धन आले, त्याचे नाव पुसावयाचे नाही, हा त्या परंपरेचा दंडक होता.

आजच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायाचा दंडक याच्या नेमका उलट आहे. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याचीच रूपांतरे पुढे अमेरिकेत गाजली, हॉलिवूडच्या चित्रपटांत गेली आणि त्यांवर अमाप पैसा मिळविला गेला. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात वारला. त्याच्या वारसांना तडजोडीने न्याय मिळावयास २००६ साल उजाडले. तेथे निदान कर्त्याचे नाव ठाऊक होते. वऱ्हाडात भाद्रपद-आश्विनात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींचे काय?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क बळकट झाला. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु परंपरेने आलेल्या गीताला कायद्याच्या दृष्टीने कर्ताच नसतो. त्याच्या ध्वनिमुद्रणाला मात्र मालक असतो आणि ती मालकी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकते. म्हणजे विहीर गावाची, पाण्याचे पैसे मात्र पोहरेवाल्याचे!

याला पर्याय नाही असे नव्हे. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या त्या श्रमणाऱ्या आयाबहिणींची वाणी म्हणून. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गायिकेचे नाव आणि गाव नोंदवून. म्हाइंभटांची रीत विसाव्या शतकातही चालविता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. भाषेच्या गौरवाची भाषणे तेथे होतीलच. परंतु गावोगावच्या गीतांची गायक-गायिकांच्या नावांसह नोंदवही त्या विद्यापीठाने ठेवावी, आणि लोकगीतावर धंदा करणाऱ्या प्रत्येक कंपनीने मिळकतीचा ठरावीक हिस्सा लोककलावंतांच्या निधीत भरावा असा कायदा शासनाने करावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर भुलाबाईच्या फेरात गाणे ऐकावयास जाणाऱ्या कार्यकर्त्याने गाणारीचे नाव विचारून वहीत लिहून घ्यावे. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावयाची नाही. परवानगी घ्यावयाची ती फक्त तिची.