वाढीची परीक्षा

वर्गाच्या रांगेत वर्षानुवर्षे पहिलाच उभा राहणारा मुलगा पाहिला, की काही पालक ‘आजोबाही ठेंगणेच होते’ म्हणून स्वस्थ बसतात; काही घाबरून थेट ‘हार्मोनची तपासणी’ मागतात. ही दोन्ही टोके टळावीत, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी निर्माण करते. परंतु ते अखंड पाझरत नाही. ते थांबून थांबून, विशेषतः रात्रीच्या गाढ झोपेत, रक्तात उतरते. दिवसा सहज रक्त तपासले, तर निरोगी बालकातही ते जवळजवळ आढळत नाही. म्हणून ग्रंथीला औषधाने डिवचून, ठरावीक अंतराने अनेकदा रक्त घेऊन तिची शक्ती अजमावावी लागते.

डिवचण्याचे मार्ग निरनिराळे. इन्शुलिनने रक्तातील साखर उतरविणे हा जुना, प्रमाणभूत मानलेला मार्ग. पण साखर फार उतरल्यास झटके येण्याची भीती, म्हणून तो डॉक्टरांच्या नजरेखालीच अवलंबावा लागतो. अपस्माराच्या रुग्णास तो वर्ज्यच. क्लोनिडीनची गोळी मुलांना सोपी. मात्र तिने गुंगी येते व रक्तदाब उतरतो. ग्लुकॅगॉनच्या चाचणीस तीन-चार तास लागतात आणि मळमळते. आर्जिनिन शिरेतून देतात.

यांतील निर्विवाद एकही नाही. परीक्षक बदलला की गुण बदलतात, हे आम्हां शिक्षकांस ठाऊकच आहे. येथेही एका चाचणीत उत्तीर्ण झालेले मूल दुसरीत नापास होते. उत्तीर्णतेची रेषा कोठे १० नॅनोग्रॅम, तर कोठे ७. स्थूल मुलांत आकडा कमी येतो; वयात येण्याच्या उंबरठ्यावरील निरोगी मुलेही कधी नापास होतात. म्हणूनच मुलांच्या बाबतीत बहुधा दोन निरनिराळ्या चाचण्यांत उणीव दिसल्यावरच निदान करतात. उपचार म्हणजे वर्षानुवर्षे टोचून घ्यावयाची, महागडी इंजेक्शने. ती चुकीच्या मुलास देणे हा अन्याय, आणि गरजू मुलाच्या हाडांची वाढ थांबेपर्यंत वाट पाहणे हा त्याहून मोठा.

या साऱ्यांआधीची चाचणी मात्र घरातच होते. दर सहा महिन्यांनी मुलाला भिंतीशी अनवाणी उभे करून उंची मोजावी, तारखेसह वहीत लिहावी. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वाढ सतत ४ सेंटिमीटरहून कमी भरली, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे. थायरॉइड, आहार, आतडी, मूत्रपिंडे ही कारणे ते आधी तपासतील. त्या वहीवाचून प्रयोगशाळेतला आकडा मुका आहे.