आजोबांच्या इमारती

दिवाळीपूर्वी माळा साफ करताना घरोघरी एक गंमत दिसते. वडिलांच्या लग्नातला कोट मुलाला हास्यास्पद वाटतो. तोच मुलगा पणजोबांची पगडी मात्र काचेच्या कपाटात ठेवायला निघतो. अर्थात पगडी तोवर शिल्लक असली तर! कारण मधल्या पिढीने ती अडगळ म्हणून केव्हाच जुन्या बाजारात धाडलेली असते. वर्गात वाङ्मयीन अभिरुचीचा विषय निघाला की मी मुलांना हेच सांगतो. कालचे शिळे वाटते, परवाचे अभिजात वाटते. आणि काल व परवा यांच्यामधल्या पायरीवरून पुष्कळ चांगल्या वस्तू घरंगळून जातात.

पुस्तकांचे एक वेळ चालून जाते. कुठल्याशा ग्रंथालयात एखादी प्रत धूळ खात का होईना, पण उरते. इमारतीला दुसरी प्रत नसते. म्हणूनच इंग्लंडातल्या काही मंडळींनी या मधल्या पायरीवर पहारा बसवायचे ठरवले. त्यांच्या संस्थेचे नाव ‘व्हिक्टोरियन सोसायटी’. तिची हकीगत सांगण्याजोगी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

अशा संस्था तिथे आधीही होत्या. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा त्या काळचा बडा वास्तुशिल्पी. जुन्या चर्चांच्या जीर्णोद्धाराची कामे त्याच्याकडे रीघ लावून येत, आणि या जीर्णोद्धारात जुने दगड खरवडून नवे करण्याचा उत्साह फार. ट्यूक्सबरीच्या प्राचीन चर्चची पाळी आली तेव्हा कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस संतापला. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिले आणि १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला लोक गमतीने ‘खरवडविरोधी मंडळ’ म्हणत. पुढे १९३७ साली अठराव्या शतकातल्या इमारतींसाठी ‘जॉर्जियन ग्रुप’ निघाला. पण राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातल्या इमारतींना वाली नव्हता. त्या आजोबांच्या होत्या ना! ‘व्हिक्टोरियन’ हा शब्दच तेव्हा सौम्य शिवीसारखा वापरीत. आपण ‘बुरसटलेले’ म्हणतो तसा.

नोव्हेंबर १९५७ मध्ये लंडनच्या स्टॅफर्ड टेरेसवरच्या अठरा नंबरच्या घरात काही मंडळी जमली. हे घर ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न यांचे. भिंतींवर चित्रांची दाटी, जड पडदे, चिनी मातीची भांडी, असा त्यांचा सारा थाट कुटुंबाने जवळजवळ होता तसाच राखला होता. बैठक बोलावणारी यजमानीण होती त्यांची नात, रॉसची काउंटेस अ‍ॅन. आजोबांच्या काळाची बाजू आजोबांच्याच दिवाणखान्यात नातीने मांडावी, हे मला फार आवडते. फेब्रुवारी १९५८ मध्ये संस्था रीतसर सुरू झाली.

संस्थेला दोन माणसे अशी लाभली की ती एकमेकांना फारशी मानत नसत. एक कवी जॉन बेट्जमन. रसिक, विनोदी, लोकांना हसवता हसवता जुन्या स्टेशनांच्या प्रेमात पाडणारा. दुसरे निकोलस पेव्हस्नर. नाझींच्या कायद्यांपायी जर्मनीतली प्राध्यापकी गमावून इंग्लंडात आलेले विद्वान. इंग्लंडचा परगण्यामागून परगणा हिंडून तिथल्या इमारतींची वर्णने त्यांनी ४६ खंडांत सिद्ध केली. पहिला खंड १९५१ चा, शेवटचा १९७४ चा. कवीला पंडिताचे काम रूक्ष वाटे, पंडिताला कवीचे भाबडे. पण संस्थेला दोघेही हवे होते. माणसांना माया लावणारा एक आणि पुरावा मांडणारा एक, असे दोन पाय असल्याखेरीज अशी संस्था चालत नाही.

कारभार पाहिला तर साधाच. सभासदांची वर्गणी, थोडे पगारी लोक, बाकी हौशी मंडळी. व्याख्याने होतात, अंक निघतो, सभासद गटागटाने एखादा रस्ता किंवा गाव पायी हिंडून पाहतात. पण खरे काम टिपणाचे. अमुक इमारत पाडणार अशी बातमी आली की कुणीतरी जाऊन ती डोळ्यांनी पाहायची. कुणी बांधली, केव्हा, मूळचे काय उरले, दुर्मीळ काय, हे कागदावर उतरवायचे आणि तो कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. ‘सुंदर आहे हो!’ एवढ्यावर कचेऱ्या हलत नाहीत. त्यांना साल लागते, नाव लागते.

सुरुवात मात्र पराभवाने झाली. लंडनच्या यूस्टन स्टेशनासमोर फिलिप हार्डविकने बांधलेली सुमारे ७० फूट उंचीची दगडी कमान होती. आगगाडीच्या युगाची ती जणू वेसच. स्टेशन नव्याने बांधायचे म्हणून १९६१ साली ती पाडायची ठरली. ती हलवून दुसरीकडे उभारा, अशी विनवणी झाली. तेव्हा हलवायला १,९०,००० पौंड आणि पाडायला १२,००० पौंड, असा हिशेब पुढे करण्यात आला. शिष्टमंडळ पंतप्रधान मॅकमिलन यांना भेटले. त्यांनी ऐकून घेतले, कमान गेलीच. पाडणाऱ्या ठेकेदारालाच इतके वाईट वाटले की दगडांवर आकडे घालून ते जपून ठेवण्याची त्याने तयारी दाखवली. तेही कुणी मनावर घेतले नाही. मग त्याने कमानीची चांदीची प्रतिकृती संस्थेला भेट दिली. ती घेताना अध्यक्ष लॉर्ड एशर म्हणाले ते अशा अर्थाचे होते, की एखाद्याने माझ्या बायकोचा खून करावा आणि वर तिचाच अर्धपुतळा मला नजर करावा, तसे मला वाटते आहे! पाठोपाठ १९६२ साली बनिंगने बांधलेले, लोखंड आणि काचेच्या घुमटाचे ‘कोल एक्स्चेंज’ही गेले. रस्ता रुंद करायचा होता. कमानीचे कितीतरी दगड १९९४ साली पूर्व लंडनमध्ये ली नदीच्या एका कालव्याच्या तळाशी सापडले. खड्डा बुजवायला टाकले होते.

या दोन पराभवांनी लोकांचे डोळे उघडले. १९६६ साली सेंट पँक्रस स्टेशनावर संकट आले तेव्हा वारे पालटले होते. पेव्हस्नर तेव्हा अध्यक्ष होते. १९६७ साली या स्टेशनाला पहिल्या श्रेणीचे संरक्षण मिळाले. बार्लो या अभियंत्याचे सुमारे २४० फूट रुंदीचे एकसंध छत वाचले, आणि समोरचे कळसदार हॉटेलही. ते हॉटेल कुणाचे? त्याच गिल्बर्ट स्कॉटचे! ज्याच्या हातून जुन्या इमारती वाचवायला पहिली संस्था निघाली, त्याचीच इमारत वाचवायला तिसरी धावली. पुढे कायद्यानेही या संस्थांचे म्हणणे विचारात घेण्याची सोय केली. २००७ साली सेंट पँक्रस नव्या थाटात उघडले तेव्हा तिथे बेट्जमन यांचा पुतळा बसवला. टोपी सावरीत ते वर छताकडे पाहत आहेत.

आता मुंबईचा धागा. ओव्हल मैदानावर उभे राहून पूर्वेला पाहा. विद्यापीठाचे सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, हे सारे याच स्कॉटच्या आराखड्याचे. स्कॉट मुंबईला कधी आला नाही. आराखडे लंडनहून आले. १८७८ साली टॉवर पुरा झाला त्याआधीच तो वारला होता. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे. टॉवरवर आपल्याकडच्या नाना जातिजमातींच्या मूर्ती आहेत, त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. परक्या राणीच्या काळाचे कौतुक आपण का करावे, असे कुणी विचारले तर मी या मूर्तींकडे बोट दाखवतो. आराखडा त्यांचा असेल, हात आपले आहेत.

मग तसेच वळून पश्चिमेला पाहा. १९३०–४० च्या सुमारास उठलेल्या, गोलाकार सज्जांच्या ‘आर्ट डेको’ इमारती. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला वडील, मधे मुले क्रिकेट खेळताहेत! २०१८ साली युनेस्कोने हे दोन्ही मिळून जागतिक वारसा म्हणून नोंदवले. इंग्लंडातही १९७९ साली ‘थर्टीज सोसायटी’ निघाली आणि पुढे तिने नाव पालटून सारे विसावे शतकच पोटात घेतले.

म्हणजे पायरी सरकते, पहारा उठत नाही. आज त्या पायरीवर कोण उभे आहे? १९६०–७० मधली एस.टी. स्थानके, एकपडदा चित्रपटगृहे, तीन मजली सहकारी वसाहती आणि त्यांच्या जिन्यांतल्या सिमेंटच्या जाळ्या. त्यांतले सारे राखायचे नाही, राखता येणारही नाही. पण काय जात आहे हे जाण्यापूर्वी कुणाला तरी ठाऊक असावे. आपल्या इमारतीचा आराखडा कुणी केला, काम कुणी घेतले, पहिले बिऱ्हाड कोणत्या साली आले, हे सांगणारी वडीलधारी माणसे सणाला घरात असतात. फराळाची ताटली पुढे ठेवून त्यांना विचारावे आणि ऐकाल ते वहीत लिहून ठेवावे.