बरी झालीस की जाऊ!

फराळाच्या चकल्यांची भाजणी दळून येण्याआधीच आमच्या घरी सुट्टीचा बेत निघतो, आणि बेत निघाला की वाद ठरलेलाच. यंदाचा वाद मात्र नेहमीसारखा तिकिटांचा आणि खर्चाचा नव्हता. नऊ वर्षांच्या नातीला सहलीला न्यावे की नाही, एवढाच प्रश्न होता.

तिला सिकलसेलचा आजार आहे. आम्हां वैदर्भीयांना हे नाव नवे नाही. या भागातल्या लोकांत हा रक्तदोष असल्याचे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच दाखवून दिले होते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. आईबाप दोघेही वाहक असले, तर दिसायला ती दोघे धडधाकट असूनही प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत अशी कळ उठते की बघणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी यावे. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणे, कोणतेही निमित्त पुरते.

चिरंजीवांनी चिखलदऱ्याचे नाव काढले. "हवापालट होईल तिला," ते म्हणाले. सूनबाई म्हणाल्या, "ऐन थंडीत?" आमची ही म्हणाली, "पोरीला विचारा की एकदा!" आणि मी, घरातला वडीलधारा, निकाल देऊन मोकळा झालो, "कुठंही नको. बरी झाली की जाऊ."

हे वाक्य मी गेली पाच वर्षे म्हणतो आहे. शाळेची सहल? बरी झालीस की. मामाच्या गावची विहीर? बरी झालीस की. त्या संध्याकाळी नात माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, हा आजार जन्मभर राहतो ना? डॉक्टरकाका आईला सांगत होते, मी ऐकलं."

मी नुसते "हूं" म्हटले.

"मग 'बरी झालीस की' म्हणजे कधी?"

वाचकहो, मी चौतीस वर्षे मास्तरकी केली. पोरांच्या प्रश्नाला उत्तर नाही असे फारसे कधी झाले नव्हते. अस्थिमज्जेचे रोपण करून काही मुलांना बरे करता येते, हे मी वाचले आहे. पण तो मार्ग सर्वांना खुला नसतो, आणि तिच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, 'न्यावं का' असं विचारू नका. कुठं, कधी, किती वेळ, आणि दुखू लागलं तर किती वेळात दवाखाना गाठाल, ते विचारा." चिखलदरा हजार मीटरहून थोडा उंच. त्या उंचीचे त्यांना भय नव्हते, भय होते तिथल्या रात्रीच्या गारठ्याचे आणि आडवाटेचे. "परवाच कळ येऊन गेली असती, तर मीच घरी बसवलं असतं. पण सध्या तब्येत बरी आहे. जवळ कुठंतरी न्या."

ठिकाण नातीनेच निवडले, लोणार. २०२० च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले होते, हे तिला शाळेत कळले होते. बुलढाण्याहून चिखली, मेहकर करीत सकाळी ऊन चढल्यावर निघायचे आणि थंडी पडायच्या आत परतायचे. उल्कापाताने झालेले ते विवर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल. खाली उतरणे सोपे, वर चढणे तिला झेपणारे नाही. कारण खरे ते सांगितले. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "वरूनच सगळं गोल दिसतं ना? खाली उतरलं तर कुठं दिसणार!"

तयारी चालू आहे. औषधे डिकीत नाहीत, सूनबाईंच्या पर्समध्ये. पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, थर्मामीटर. आजाराचे नाव, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. वाटेत रक्ताची सोय कुठल्या दवाखान्यात आहे, याची चौकशी. ताप भरला तर घरगुती काढा नाही, थेट दवाखाना.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली, ती सर्व आईबापांसाठी लिहितो. दुसऱ्यांची मजा मोडू नये म्हणून मुले दुखणे लपवतात. तेव्हा नातीला आम्ही आधीच सांगून ठेवले आहे, "दुखलं की लगेच सांग. गाडी वळवू, कुणी रागावणार नाही."

भाऊबीजेनंतरचा रविवार ठरला आहे. त्या सकाळी अंग तापले असेल, तर गाडी निघणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तसे झालेच, तर "बरी झालीस की" हे शब्द मात्र मी तोंडातून काढणार नाही. कॅलेंडर काढीन, तिला जवळ बसवीन आणि पुढचा एखादा रविवार तिच्याच हाताने त्यावर खूण करून घेईन.